जीभ वर करा, बाबा

९ जानेवारी

"जातो," म्हणाले बाबा — आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

केंद्राची ही रीतच आहे. एरवी घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. लहानपणी "जाते" म्हटलं म्हणून मी आईच्या हातचा धपाटा खाल्लाय. पण व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात सगळं उलटं. बाहेर पडणाऱ्याने उंबऱ्यावर उभं राहून खणखणीत "जातो" म्हणायचं. चुकून "येतो" निघालं, तर परत आत घेतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. बाबांच्या तोंडून "ये—" निघालंच! हशा पिकला. मग दुसऱ्यांदा "जातो". आई माझ्यामागे उभी होती. पुटपुटली, "मनातल्या मनात तरी येतो म्हणा हो."

त्याआधी केंद्राच्या मॅडमनी बाबांना आणि मला ऑफिसात बसवून घेतलं. आई तेव्हा आत बाबांचं सामान आवरत होती. बाबांना आता रोज सकाळी एक गोळी. ती पोटात असताना दारू घेतली तर माणूस लालबुंद होतो, धाप लागते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. त्या भीतीनेच हात ग्लासाकडे जात नाही. मॅडमनी बाबांना सरळ विचारलं — मंजूर? बाबा म्हणाले, मंजूर. मग माझ्याकडे वळून, "तू शिकलेली आहेस, तू द्यायचीस. तुझ्यासमोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर करून. आणि एक लक्षात ठेव. ही चोरून द्यायची गोळी नाही. त्यांना ठाऊक असतानाच द्यायची."

मी मान डोलावली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे सरकारी कागदापासून पंख्याच्या बिघाडापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. आता हेही.

रिक्षात आईला एवढंच सांगितलं — गोळी मी देणार. बाकीचं सावकाश सांगेन. ती बाबांच्या हाताकडे बघत होती. हात थरथरत नव्हते! किती दिवसांनी!

१० जानेवारी

पहिली गोळी. मी पाणी दिलं, त्यांनी गिळली.

"आ करा."

केला.

"जीभ वर करा, बाबा."

त्यांनी जीभ वर केली. मला आत पडलेली दाढ दिसली, आणि मी मान वळवली. आपल्या बापाच्या तोंडात असं बघायचं! त्यांनाच माझी कीव आली. म्हणाले, "तुझा पहिला दात हलत होता तेव्हा मी असाच बॅटरी मारून बघायचो. फिट्टंफाट. बरं, मास्तरीणबाई, पास की नापास?"

"पास," म्हटलं.

१२ जानेवारी

मी एक कागद लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला. "या घरात कोणी कोणाशी खोटं बोलणार नाही." केंद्राच्या पुस्तिकेत लिहिलंय की व्यसनाची मुळं खोट्यात असतात. मला ते मनापासून पटतं. घरात सगळं उजेडात असेल तर वाईट गोष्टीला लपायला जागाच कुठे राहील?

आईने कागद वाचला आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

बाबा म्हणाले, "पण मग वरच्या मजल्यावरची बाई ‘माझा आवाज कसा वाटतो’ म्हणाली तर?"

"तर गप्प बसायचं."

"गप्प बसणं चालतं ना? झालं तर मग!"

१५ जानेवारी

बाबांना कामावर परत घेतलं!! त्यांची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. साहेबांनी समोर उभं करून सांगितलं, "तुझ्या हाताला तोड नाही, म्हणून घेतोय. पण एकदा जरी तोल गेला तरी संपलं. लिफ्टच्या खड्ड्यात मला मेलेला माणूस नको."

बाबा घरी येऊन हे जसंच्या तसं, साहेबांच्या आवाजात सांगत होते. आई हसली नाही. म्हणाली, "खरंच आहे त्यांचं."

मग बाबांनी मला पुन्हा तोलाच्या वजनाचं समजावलं. लिफ्टच्या मागे शाफ्टमध्ये लोखंडाचे ठोकळे टांगलेले असतात. लिफ्ट वर जाते तेव्हा ते खाली येतात. लोकांना वाटतं मोटर उचलते. मोटर नुसती ढकलते, भार पेलतो तो मागचा, न दिसणारा. मी म्हटलं, हे मी सातवीच्या वर्गात सांगेन. ते इतके खूश झाले!

आई दिवसभर कारखान्यात शर्टांची काजं करते, आणि संध्याकाळी घरी येऊन दाराशी स्टूल टाकून बसते. अजूनही. बाबा समोर बसलेले असतात, तरी ही जिन्यातल्या पावलांकडे कान लावून. सवय आहे. पावलांवरून तिला कळायचं — आज किती प्यायलेत ते.

१८ जानेवारी



सकाळी बाबा कामावर गेल्यावर तोंड धुवायला गेले, तर बेसिनमध्ये, नळाच्या जरा खाली, एक पांढरा तुकडा. ओला. बोटावर घेतला तर भुगा झाला. गोळीच का? मी जीभ वर करून बघितली होती. पण गालात? गालाच्या आत, दाढ पडलेल्या खड्ड्यात?

आईला दाखवला. ती डबा भरत होती.

"गोळी आहे का गं?"

"नक्की नाही सांगता येत. पण असावी."

असं म्हणायला नको होतं का? पण आमचं ठरलंय ना, खोटं बोलायचं नाही. मला वाटलं तेच सांगितलं.

आईने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

१९ जानेवारी

आज गालही बघितले. दोन्हीकडचे, बोटाने ओढून. बाबांनी "पास की नापास" विचारलंच नाही.

२३ जानेवारी

आईने नवीन सुरू केलंय — जेवण झालं की बाबांना पेलाभर दूध. साखर घालून, गरम. "किती खंगलेत बघ. केंद्रात काय देत असतील देव जाणे."

बाबांना दूध मुळीच आवडत नाही. साय दिसली तरी तोंड वाकडं करतात. आज पहिला घोट घेतला आणि थांबलेच. आईकडे बघितलं. मला वाटलं, आता पेला ठेवतील आणि वाजेल काहीतरी. पण नाही. डोळे मिटून घटाघटा सगळं प्याले! स्वतः उठून पेलाही विसळून ठेवला.

आई म्हणाली, "राहू द्या की, मी घासते."

"केंद्रात सवय लागलीय," म्हणाले. "आपलं भांडं आपण."

दारूच्या पेल्यासाठी भांडणारी ही दोन माणसं, आणि आज दुधाच्या पेल्यावरून आर्जवं चाललीत! मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

२९ जानेवारी

शिक्षकखोलीत गणिताच्या बाई म्हणाल्या, "माझे मामा तीनदा जाऊन आले गं केंद्रात. घरी आले की महिनाभर देवमाणूस. मग ये रे माझ्या मागल्या!" त्यांना आमच्या घरचं माहीत नाही. सहज बोलल्या. मी वह्या तपासत राहिले. एकाच मुलाचं उत्तर दोनदा तपासलं.

महिनाभर देवमाणूस! आमचा महिना भरत आलाय.

३१ जानेवारी

आज काहीतरी चांगलं लिहायचं. आई झोपते! स्टूल दाराजवळून उचलून तिने स्वयंपाकघरात नेलं. बाबांचं दूध झालं की तीही आडवी होते, आणि चक्क घोरते. मी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता! बाबा जमिनीवर बसून कान देऊन ऐकत होते. मला खुणेने म्हणाले — गप्प, गप्प, मोटर चालू झालीय.

३ फेब्रुवारी

रविवार. बाबा जेवल्यावर झोपले ते दिवे लागेपर्यंत. उठले तेव्हा जीभ जड. "पाणी" म्हणताना "पा" लांबली. मला ओळखीचं आहे हे.

मी जवळ गेले, उशी नीट करायचं निमित्त करून. दारूचा वास नाही. पण तोंडाला वेगळाच काहीतरी वास. लोखंडासारखा, जरा कुजकट. हा वास मी कधी घेतला नाही.

काहीतरी चघळतात का? वास मारायला?

आईला म्हटलं, "तुला बाबा बरे वाटतात?"

तिचा चेहरा उतरला. "तुलाही दिसलं?"

म्हणजे तिलाही दिसतंय.

६ फेब्रुवारी



शाळेच्या कार्यक्रमामुळे रात्री, घरच्यांची जेवणं झाल्यावर दमून आले. चहाला दूध शिल्लक नव्हतं, आणि समोर बाबांचा पेला, अजून अर्धा. मी उचलला. म्हटलं, एक घोट घेते हं.

"हात लावू नकोस!"

असे ओरडले! माझ्या हातून थोडं सांडलं. त्यांनी पेला जवळजवळ हिसकावून घेतला. मग लगेच आवाज खाली आणून, "उष्टं आहे गं. माझं उष्टं नको घेऊस."

लहानपणापासून मी त्यांच्या ताटात जेवलेय. आणि आज उष्टं?

त्या दुधात काय आहे? आई साधं दूध देते. मग त्यात हे काय घालतात?

७ फेब्रुवारी

आज लक्ष ठेवलं. बाबा दूध प्याले, उठले, पेला विसळला. नुसता विसळला नाही! तळाला बोट घालून घासला, नळाखाली उलटा धरला, उजेडात बघितला. कारखान्यातला चेकर भोक शोधतो तसा. मग ठेवला.

निर्दोष माणूस पेला असा धुतो का?

८ फेब्रुवारी

त्यांची हत्यारांची पिशवी तपासली. पाने, पक्कड, ग्रीसचा डबा, चिंधी, केंद्रातून मिळालेला छोटा बिल्ला. बूट तपासले. टाकीच्या मागे हात घातला. काहीही नाही! काही न सापडल्याने बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. पूर्वी निदान बाटली तरी सापडायची.

आरशात दिसले मी — माझ्याच बापाच्या बुटात हात घालून बसलेली. खोटं बोलायचं नाही म्हणणारी.

१० फेब्रुवारी

"कडक" आले होते. केंद्राने घरी आल्यावरही साथ राहावी म्हणून प्रत्येकाला एक जुना सुटलेला माणूस नेमून दिलाय. बाबांचे हे. खरं नाव कोणी घेत नाही. शर्टाची इस्त्री कडक, बोलणं कडक, चहाही कडकच लागतो.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, खरं सांगा. घेतलीय का त्यांनी?"

"वास तर नाही."

"मग नाही ना?"

ते पायऱ्या उतरता उतरता थांबले. "पोरी, मीही बिनवासाची प्यायचो. आठ माणसांच्या नाकाखालून. मला विचारशील तर मी ‘नाही’ कधीच म्हणत नाही. ‘आजपर्यंत तरी नाही’ म्हणतो."

याने कोणाला झोप लागेल!

बाकी आई मात्र झोपली. हल्ली बाबांनी दूध संपवेपर्यंत ती समोर बसून बघते, आणि संपलं की तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं होतं.

१३ फेब्रुवारी

बाबांना सकाळी चप्पल सापडेना. चप्पल समोर होती! पाय नुसता तिच्या आजूबाजूला पडत होता, आंधळ्याच्या काठीसारखा. म्हणाले, मुंग्या आल्यात. मग हसले, "वय झालं, मास्तरीणबाई."

दारात "जातो" म्हणाले. केंद्रातून आल्यापासून रोज "जातो"च म्हणतात, त्या टाळ्यांची आठवण म्हणून. आज मनातल्या मनात मीच "येतो" म्हटलं.

१६ फेब्रुवारी

झालं. जे व्हायचं होतं ते झालं.

वर्ग चालू असताना शिपाई बोलवायला आला. फोनवर कंपनीतले साहेब. "येऊन घेऊन जा तुमच्या वडिलांना." एवढंच.

एका दवाखान्याची इमारत. गच्चीवरची लिफ्टची मोटर असलेली खोली. बाबा तिथल्या लोखंडी शिडीवरून घसरले. नशीब, खोलीच्या आत पडले, शाफ्टच्या बाजूला नाही. कोपर सोलवटलं होतं. भिंतीला टेकून बसलेले, डोळे अर्धवट. जोडीदार मेकॅनिक माझ्याकडे बघत नव्हता. साहेब बघत होते.

"मी म्हटलं होतं," साहेब म्हणाले.

बाबा उठले आणि डावीकडे झुकले. मी धरलं. सगळ्यांसमोर, जिन्याने, लिफ्टने नाही, मी माझ्या बापाला खाली आणलं. बाया बाजूला होत होत्या. एकीने नाकाला रुमाल लावला. वास नसताना!

घरी आल्यावर माझा तोल सुटला.

"सांगा. काय घेतलंत?"

"काही नाही."

"बाबा, तो कागद बघा आणि सांगा."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. कागद नीट वाचला, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. म्हणाले, "मी दारू घेतलेली नाही. दुसरंही काही विकत घेतलं नाही. तुझी शपथ."

"मग हे काय आहे? हे काय आहे!"

मी त्यांना दारुडे म्हटलं. तोंडावर. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, सगळ्यात वाईट दिवसांतही नाही. आई दारात उभी होती, हातात कारखान्याची पिशवी तशीच.

जेवण कोणी केलं नाही. तरी आईने दूध आणलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं, आणि प्याले. पेला विसळायला उठले तर भिंत धरावी लागली.

१७ फेब्रुवारी

मॅडमना फोन केला. "शुक्रवारी घेऊन ये. चालू असलेली सगळी औषधं बरोबर आण." परत भरती करावं लागेल बहुधा, म्हणाल्या. टाळ्या नसतील यावेळी.

आई विचारत होती, "तू सकाळची गोळी नीट देतेस ना? गिळतात ना?"

मला राग आला. "रोज तोंडात बोट घालून बघते मी! आणखी काय करू?"

"तसं नाही गं," म्हणाली. "तसं नाही."

१९ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

पाकीट संपत आलं होतं, म्हणून शाळेतून येताना औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार नेहमीचा, गप्पिष्ट. चिठ्ठी बघून म्हणाला, "अहो ताई, परवाच तर आई घेऊन गेल्या की!"

"कोणाची आई?"

"तुमचीच. त्यांच्याकडे चिठ्ठीची झेरॉक्स आहे ना. तुम्ही नेता, त्या नेतात. मी आपला म्हणत होतो, घरात दोघं पेशंट दिसतात. विचारायचं कसं?"

मी तिथे उभी. मागचा माणूस म्हणाला, घेताय की नाही?

घरी धावत आले. आई तांदूळ निवडत होती. मी नुसतं म्हटलं, "औषधाचं दुकान." तिने ताट खाली ठेवलं.

"तूच म्हणालीस ना, बेसिनमध्ये गोळी सापडली."

"आई!"

"तू सकाळी देतेस, ते थुंकतात, तर मग दिवसभर काय? तू शाळेत, मी कारखान्यात. म्हणून रात्री मी देते. कुटून. दुधात. साखर जास्त घातली की कळत नाही."

"रोज?"

"रोज एक." मग खाली बघून, "भीती वाटली त्या दिवशी दोन."

भीती तर रोज वाढत होती! बाबांची जीभ जड झाली, भीती वाटली, दोन. पाय अडखळले, भीती वाटली, दोन. आणि त्या गोळ्यांनीच जीभ जड, पाय लुळे! शिडीवरून पडून, कोपर फुटून बाबा घरी आले त्या संध्याकाळी —

विचारायची हिंमत झाली नाही. तिने आपणहून सांगितलं. तीन.

मला रिक्षातली मी आठवले. "गोळी मी देणार," एवढंच म्हणणारी. मॅडमनी सांगितलेलं बाकीचं सावकाश सांगणार होते. ते सांगितलंच नाही. एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

बाबा आतून आले, भिंतीला धरून. आम्हा दोघींकडे बघितलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. "चहा टाकतंय का कोणी?" म्हणाले.

शुक्रवारपर्यंत थांबलो नाही. रिक्षा केली आणि थेट केंद्रात.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी बाबांच्या तळव्यांना सुई टोचून बघितली. डाव्या पायाला कळतच नव्हतं. रक्त घेतलं. काल रात्री तिथेच ठेवून घेतलं होतं, आईला आणि मला बाकावर.

"दारूचा अंशही नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधच अंगावर चढलंय. डोस भलताच झाला की माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. झोकांड्या, झापड, तोंडाला तो वास. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, आणि वर चुकून एखादा घोट गेला असता, तर इथे आणायचीही वेळ आली नसती." यकृताला थोडी सूज. गोळ्या बंद. पाय हळूहळू सुधारतील, बहुतेक पूर्ण.

बहुतेक.

मग बाबांना विचारलं, "तुम्हाला दुधाची चव वेगळी लागली नाही?"

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, मला दूध कधी आवडलंच नाही. त्याची चव चांगली असते की वाईट, मला काय ठाऊक!"

आई इतका वेळ तोंडावर हात घेऊन बसली होती. ती हसली आणि मग तिला हुंदकाच आवरेना. बाबांनी तिच्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर तुला दारू पाजल्यासारखं जगवलं. तू महिनाभर पाजलंस. जाऊ दे."

मॅडम मला बाहेर घेऊन आल्या. मला वाटलं, बोलणार आता. त्या म्हणाल्या, "आईंना त्या दिवशी मी ऑफिसात बोलवायला हवं होतं. शिकलेली बघितली की आम्ही तिच्याशीच बोलतो."

२४ फेब्रुवारी

बाबा घरी. यावेळी दारात टाळ्या नव्हत्या, मीच वाजवल्या. एकटीच. त्यांनी वाकून नमस्कार केला.

डॉक्टरांनी साहेबांना फोन केला होता. साहेब म्हणाले, "पाय जमिनीवर पडायला लागले की बघू." बघू म्हणालेत. नाही म्हणाले नाहीत.

२५ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना छताचा पोपडा सुटून बेसिनमध्ये पडला. पांढरा. नळाखाली ओला झाला. बोटावर घेतला — भुगा!

मी बेसिनशी खाली बसले.

आईला बोलावून दाखवला. दोघी वर बघत राहिलो. छताला ओल आलीय, किती दिवसांपासून कोण जाणे. बाबांनी मात्र पहिल्या दिवसापासून एकही गोळी थुंकली नव्हती.

२७ फेब्रुवारी

कपाटावरचा कागद काढला. गोंदाचे चार डाग राहिले.

आई पुन्हा दाराशी स्टूल टाकून बसते. बाबा आत असले तरी. मी म्हटलं, झोप ना. म्हणाली, "तुम्ही झोपा." खूप हळू म्हणाली.

४ मार्च

बाबांना आज चप्पल पहिल्याच फटक्यात सापडली! तीन वेळा काढून घालून दाखवली.

आई कारखान्यात होती. मी कपबशा धूत होते, ते पुसत होते. आणि एकदम डोक्यात आलं.

"बाबा, दुधाचा पेला तुम्ही तळापर्यंत का घासायचात?"

ते पुसतच राहिले. म्हणाले, "तळाला पांढरं राहायचं. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या घोटापासून. सकाळची तीच चव, मास्तरीणबाई."

"मग बोलला का नाहीत! कामावरून काढलं, मी तुम्हाला — मी काय काय बोलले! का प्यायचात ते?"

त्यांनी बशी फळीवर ठेवली, सरळ केली.

"तू ऐकलं नाहीस?" म्हणाले. "ती घोरायला लागली होती."